थंड पाण्यात, न पिळता

प्रिय ताई,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडखळलं, ते तुम्हाला अक्षरावरून दिसेलच. आपण दोघी इतक्या वर्षांत एकमेकींशी जेवढं बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि त्यातही निम्मं 'खाली आलेय, तिला पाठवा' आणि 'पाठवते' एवढंच. पण नुसतं 'ताई' लिहिलं तर दुकानात गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखं वाटतं, आणि फार आदराने लिहावं तर वकिलाचं पत्र आलं म्हणून तुमच्या पोटात गोळा यायचा. म्हणून 'प्रिय'च राहू दे. फोन करायचा विचार केला होता. पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता आणि त्या 'हं'ला घाबरून मी भलतंच काहीतरी बोलत सुटते. शिवाय आमच्या घरात भिंतींना नसतील तेवढे कान खारूला आहेत. लेक तुमचीच, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

विषय लोकरीचे कपडे धुण्याचा आहे. हसू नका. लोकरीच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहणारी बाई दुसरं कशावर पत्र लिहिणार?

खारूला या थंडीत मी विणून दिलेला हिरवा स्वेटर गेल्या आठवड्यात तुमच्याकडे आटला. तो घेऊन ती गुरुवारी संध्याकाळी एकटीच बस पकडून आमच्याकडे आली. पाठीवर दप्तर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्वेटर. दार उघडल्या उघडल्या तिने तो माझ्यासमोर धरला, पोलीस चोरीचा माल दाखवतात तसा. मी आधी ओळखलाच नाही. गडद हिरवा, गळ्याभोवती तपकिरी खारींची रांग, त्यातली एक खार तिच्याच हट्टाने उलट्या दिशेला बघणारी. सगळं होतं तसंच होतं, फक्त एखाद्या बाहुलीच्या मापाचं. आणि जाड, ताठ, पायपुसण्यासारखं. 'आईने मुद्दाम केलं,' ती म्हणाली, 'मी विचारलं तर म्हणाली, हो, मुद्दाम केलं.' आणि चप्पल न काढता तरातरा आत गेली.

त्या संध्याकाळी खारूच्या बाबांनी तुम्हाला फोन केला तेवढा तुम्हाला माहीत आहे. (त्यांना या पत्रात काय म्हणावं याचा मी बराच विचार केला. 'हे' म्हटलं तर तुम्हाला कसंसंच वाटेल, नावाने म्हटलं तर मला. 'खारूचे बाबा' दोघींना चालेल.) 'ती इथे आहे, काळजी करू नकोस,' असं ते म्हणाले, तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात आणि फोन ठेवलात. त्यानंतर आजपर्यंत तुमचा फोन नाही, आणि खारूनेही तुम्हाला केलेला नाही. मधल्या काळात इथे काय घडलं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, कारण सांगू शकेल असं एकच माणूस आहे आणि ते लिफ्ट दुरुस्त करतं. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं एवढंच त्याला येतं, अडकलेल्या गोष्टी सांगायच्या त्याला जमत नाहीत.

आधी स्वेटरचं सांगते. आजवर मी खारूला जे जे विणून दिलं, टोप्या, मोजे, तो पिवळा स्वेटर, ते सगळं कृत्रिम धाग्याचं होतं. तो धागा म्हणजे गेंड्याची कातडी. मशीनमध्ये टाका, उकळा, आपटा, तो तस्साच बाहेर येतो. तुम्ही ते सगळं मशीनमध्येच धूत आलात आणि छान धुतलेत. दर वेळी ती इकडे आली की कपड्यांना साबणाचा चांगला वास असायचा. या वर्षी पहिल्यांदाच मी अस्सल लोकर घेतली. दुकानात नवीन माल आला होता, हिरव्या रंगावर माझा जीव जडला. अस्सल लोकरीच्या केसाला माशासारखे खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे. गरम पाण्यात ते उघडतात, मशीनमध्ये घुसळले की एकाचे खवले दुसऱ्यात अडकून बसतात, आणि मग काही केल्या सुटत नाहीत. नमदा होतो त्याचा, टाके मिटून गेलेलं जाड कापड. यात तुम्ही काही वेगळं केलं नाहीत. जे नेहमी करत होतात तेच केलंत, वस्तू बदलली होती.

आणि हे मलाही झालेलं आहे. लोकरीत आयुष्य गेलेली बाई मी, मागच्याच वर्षी आमच्या दुकानाच्या मालकांची मफलर चुकून टॉवेलांबरोबर मशीनमध्ये गेली. बाहेर आली ती कपाखाली ठेवायच्या लायकीची. मालक आठवडाभर माझ्याशी इशाऱ्यांनी बोलत होते. थंडी संपत आली की आमच्याकडे अशी माणसं येतातच. दारातून आत शिरताना पिशवी अंगामागे धरतात, यावरूनच मी ओळखते. गेल्या महिन्यात एक नवी नवरी आली होती, सासूने विणलेला नवऱ्याचा स्वेटर घेऊन. 'यातून दोन लहान करून देता येतील का,' असं विचारत होती, म्हणजे सासूला वाटेल की मुलांसाठी आधीपासून तयारी चालली आहे. डोकं चांगलं होतं, पण नमदा उसवत नाही. तिला म्हटलं, खरं सांगून टाक. ती म्हणाली, 'खरंच सांगणार होते हो, पण सासूबाई म्हणतील मुद्दाम केलं, याची भीती वाटते.' तर ताई, आटलेल्या स्वेटरबरोबर हा 'मुद्दाम' शब्द फुकट येतो असं दिसतं.

खारूने मला सगळी हकीकत सांगितली ती आरोपपत्रासारखी. 'रात्रपाळी करून आली होती. झोपलीसुद्धा नव्हती. तरी मुद्दाम माझा स्वेटर शोधून काढला. बाहीवर शाईचा एवढासा डाग होता. दुसऱ्या दिवशी माझी सहल होती हे तिला माहीत होतं!' ती बोलत होती आणि मी डोक्यात ते उलटं करून ऐकत होते. रात्रभर प्रयोगशाळेत लोकांच्या रक्ताच्या नळ्या तपासून आलेली बाई अंथरुणावर न पडता स्वेटर धुवायला घेते, ती दुसऱ्या दिवशीच्या सहलीसाठी धुते. नुकसानच करायचं तर माणूस आधी झोप काढतो. गरम पाणी का, तेही मला कळलं. तुमच्या कामात डाग म्हणजे गरम पाणीच, तुमचे ॲप्रन गरम पाण्याशिवाय शुद्ध होत नाहीत. राहता राहिलं ते 'हो, मुद्दाम केलं.' ते मीही म्हटलं असतं. डोळे मिटत असताना, हातात आटलेला स्वेटर असताना, पोटच्या पोरीने तोंडावर तसं विचारलं तर दुसरं काय सुचणार?

हे सगळं मला गुरुवारीच कळलं होतं. आणि तरी मी खारूला काही बोलले नाही. ते का, ते सांगते.

आमच्याकडे एक आतली छोटी खोली आहे. तुम्ही कधी वर आला नाहीत म्हणून सांगते. तिथे माझं शिलाई मशीन, लोकरीची पोती आणि इस्त्रीचं टेबल असतं. खोली बांधणाऱ्याने ती मुलाची खोली म्हणूनच बांधली असणार, खिडकी बुटकी आहे. आमच्या लग्नानंतर काही वर्षं आम्ही डॉक्टरांच्या पायऱ्या चढलो, मग उतरलो, आणि त्या खोलीत मी लोकर भरली. खारू सुट्टीच्या दिवशी येते तेव्हा बाहेरच्या दिवाणावर झोपते. पण शुक्रवारी सकाळी तिने त्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं, 'मी आता इथेच राहू का? कायमची?' खारूचे बाबा दाढी करत होते, तसेच फेस लावलेले बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर फेसाखाली काय होतं ते मला दिसलं. म्हणाले, 'राहा की! इथल्या शाळेत विचारून येतो.' ते कामावर गेल्यावर मी लोकरीची पोती एकावर एक रचून बाहेरच्या खोलीत आणली, खिडकीचा पडदा धुतला, आणि दुकानात जाताना वाटेत उगाच गाद्यांच्या दुकानासमोर उभी राहिले.

शुक्रवार आणि शनिवार मी फार सुखात होते. तुमच्यापासून ते लपवून काय करू? कानामागून आली आणि तिखट झाली असं तुम्ही माझ्याबद्दल कधीतरी म्हटलं असेल. म्हटलं नसेल तरी मी तुमच्या जागी असते तर म्हटलं असतं. तुम्हा दोघांचं मोडून बराच काळ लोटल्यावर मी आले, कोणाचं काही हिसकावलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण आयतं समोर आलेलं ताट ओढून घ्यायचा मोह काय असतो, तो मला त्या दोन दिवसांत कळला. मला काही करायचंही नव्हतं. नुसतं मूग गिळून बसायचं होतं.

रविवारी मी थंडीचे कपडे धुवायला काढले. थंडी उतरणीला लागली की लोकरीचं सगळं धुऊन, वाळवून, डांबरगोळ्या घालून ठेवून द्यायचं असतं. न धुता ठेवलं की कसर लागते. कसर लोकरीपेक्षा माणसाच्या घामावर जास्त जीव टाकते, म्हणून पहिलं भोक नेहमी गळ्यापाशी नाहीतर काखेत पडतं. खारू म्हणाली, 'मला शिकव, म्हणजे पुढचा स्वेटर मीच धुवीन, कोणाच्या हातात देणार नाही.' म्हटलं, बस.

घमेल्यात थंड पाणी, हिवाळ्यात फार तर कोमट. कोपर बुडवून बघायचं, कोपराला काही जाणवलं नाही पाहिजे. त्यात थोडा शाम्पू. आपले केस आणि मेंढीचे केस, दोघांनाही तोच चालतो. स्वेटर उलटा करून बुडवायचा आणि विसरून जायचं. घासायचं नाही, चोळायचं नाही, आपटायचं तर नाहीच. नंतर दोन्ही हातांनी नुसतं दाबायचं आणि सोडायचं. विसळायचं पाणीही तितकंच थंड हवं, कारण लोकरीला थंड चालतं, कोमटही चालतं, एकातून दुसऱ्यात टाकलेलं सोसत नाही. बाहेर काढताना खांद्याला धरून उचलायचं नाही, ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने गुडघ्यापर्यंत लोंबतो. खालून दोन्ही हात घालून, तान्ह्या पोराला उचलतात तसा उचलायचा. पिळायचा नाही. जाड टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळीवर गुडघे टेकून बसायचं. हे शेवटचं खारूला फार आवडलं. तिच्या वजनाने पाणी निघेना तेव्हा ती त्यावर उड्या मारायला लागली आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत वाजवलं. मग सावलीत, सपाट. दोरीवर नाही, चिमट्याला तर मुळीच नाही.

मी हे सगळं सांगत होते आणि ती प्रत्येक वाक्याला 'माहीत आहे' म्हणत होती. दोन-तीनदा झाल्यावर मी विचारलं, 'तुला कसं माहीत?' ती म्हणाली, 'तूच सांगितलं होतंस की. स्वेटर दिलास तेव्हा.' आणि मग थांबली. घमेल्यात हात तसेच राहिले.

मलाही तेव्हाच आठवलं. स्वेटर तिच्या अंगावर चढवून बाह्यांचं माप बघताना मी म्हटलं होतं, 'हा मशीनमध्ये टाकायचा नाही हं, आईला सांग. थंड पाण्यात, न पिळता.' मी हे दुकानात दिवसभर सगळ्यांना म्हणते, त्यामुळे म्हटल्याचं माझ्या लक्षातही राहत नाही. ती एक मोजा दाबत बसली, तो मोजा कधीच स्वच्छ झाला होता. थोड्या वेळाने म्हणाली, 'मी सांगितलं नाही तिला.' मी म्हटलं, 'विसरलीस?' तिने नाही म्हणून मान हलवली. 'तुझं नाव काढलं की आई एकदम गप्प होते. रागावत नाही, नुसती गप्प होते. मग जेवताना पण काही बोलत नाही. म्हणून मी तुझं काही सांगतच नाही तिला. मी तर तिला सांगते की तू फारशी घरी नसतेसच.'

ताई, ऐकून मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मी हौसेने टोप्या विणत होते आणि तुमच्या घरात मी फारशी घरी नसायचे!

त्याच धुण्यात खारूच्या बाबांचा निळा स्वेटर होता. तुम्ही विणलेला. तुम्हाला वाटत असेल तो केव्हाच कुठेतरी गेला असेल. लग्न होऊन मी आले तेव्हा तो मला ट्रंकेच्या तळाशी सापडला, गळ्यापाशी कसर लागलेला. मी विचारलं तर म्हणाले, 'तिने विणला होता, खारू पोटात असताना. हवं तर टाकून दे.' पण दुसऱ्या बाईचे टाके फेकायला माझा हात होत नाही, ती धंद्याची खोड आहे. मी गळा सांधला, कोपर सांधलं. अजून खारूचे बाबा तो कामावर घालतात, लिफ्टच्या खड्ड्यात गारठा फार असतो. दर वर्षी तो माझ्या हाताखालून जातो, त्यामुळे त्याचा टाका न् टाका मला पाठ आहे. सुरुवातीला तुम्ही टाके फार आवळलेत, भीत भीत विणणारी माणसं आवळतात. पाठीच्या मध्यावर ते एकदम सैल झालेत आणि दोन ओळींनी पुन्हा आवळलेत. तिथे काय झालं होतं, पोरीने पहिली लाथ मारली होती का, हे विचारावंसं मला नेहमी वाटत आलं आहे. आणि एक बाही चांगली चार बोटं लांब आहे.

ती लांब बाहीच खारूच्या हाताला लागली. 'ही कोणी अशी केली? बाबांचे हात सारखे नाहीत?' मी म्हटलं, 'तुझ्या आईने केली.' तिचा विश्वास बसेना. 'आईला विणता येतं?' मी म्हटलं, 'येत नाही ना. येत नसताना अख्खा स्वेटर विणला तिने, तू पोटात असताना. मला येतं, मी विणते, त्यात माझं काय कौतुक?' तिने तो पाण्यात बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, 'तू ही बाही नीट का नाही केलीस? तुला तर पाच मिनिटांचं काम.' मी म्हटलं, 'मला कोणी सांगितलं नाही.' खरं म्हणजे एकदा मी सुई घेऊन बसले होते. पण ती बाही ते एक घडी घालून घालतात, ती घडी त्यांना सवयीची झाली आहे, आणि मला वाटलं, ते आपलं काम नव्हे. हे मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

कपडे सगळे खोलीभर टॉवेलांवर पसरले तेव्हा पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आम्ही दोघी दारात उंबऱ्यावर बसून होतो. मग ती रडली. आधी नाक ओढलं, मग फ्रॉकच्या बाहीला पुसलं, मग धरण फुटलं. तिचं सगळं म्हणणं मला तुटक तुटक ऐकू आलं. 'मी आईला चेटकीण म्हटलं. मी म्हटलं, तुला कोणाचंच काही चांगलं बघवत नाही, म्हणून बाबा गेले. मी जाताना दार आपटलं. ती दारामागे होती, पण तिने थांब म्हटलं नाही. तिने फोन पण नाही केला.' 'ती आता मला घेणारच नाही,' असं म्हणाली. मी म्हटलं, 'तूच फोन कर.' तर म्हणाली, 'काय म्हणू?' आणि मग माझ्या खांद्याला नाक पुसत तिने पुन्हा तेच विचारलं, 'मी इथेच राहू का?' शुक्रवारचं विचारणं वेगळं होतं, हे वेगळं. शुक्रवारी ती तुमच्यावर रागावून विचारत होती. या वेळी ती तुमच्याकडे परत जायला घाबरते म्हणून विचारत होती. मी म्हटलं, 'बघू या.' बघू या म्हणजे काय, ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

हिरव्या स्वेटरचं म्हणाल तर तो गेला. मी केसांना लावायच्या कंडिशनरमध्ये रात्रभर भिजवून ओढून बघितला, एखादं बोट वाढला, बस. त्याचं ओझं मनावर ठेवू नका. दुकानात त्याच रंगाची लोकर आहे, आणि खारूने या वेळी स्वतः विणायचं मनावर घेतलं आहे. टाके आवळते. चालायचंच.

खारूचे बाबा अजून शाळेत विचारायला गेलेले नाहीत. सोमवारी एका इमारतीत लिफ्ट अडकली, मंगळवारी दुसऱ्या. आज सकाळी निघताना म्हणाले, 'या आठवड्यात नक्की जातो.' ते चांगले आहेत, ताई, ते तुम्हालाही माहीत आहे, पण त्यांना एवढंच दिसतं की मुलगी घरी आली आहे. काल रात्री जेवताना त्यांनी तिला विचारलं की खोलीला कोणता रंग देऊ या. ती म्हणाली, 'नंतर सांगते.' आणि पानातलं तसंच टाकून उठली. तिला भूक लागली असताना ती पान टाकून उठत नाही, एवढं मला तिच्याबद्दल कळतं. बाकीचं तुम्हाला जास्त कळतं.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते, म्हणजे मला झोप लागेल. येत्या रविवारी तुम्ही स्वतः तिला न्यायला या. निरोप पाठवू नका, बाबांना फोन करू नका, आणि नेहमीसारखं खाली रस्त्यावर उभं राहून 'खाली आलेय' म्हणू नका. दुसरा मजला, जिन्यावरून डाव्या हाताला. वर या आणि बेल वाजवा, दार तीच उघडेल. तिला काय म्हणायचं ते तुम्हाला सुचेल. नाही सुचलं तर 'चल' एवढंच म्हणा, ती वाटच बघते आहे. येणार नसाल तर रागाने नको, पण मला तसं कळवा. कारण ती आणखी एकदा विचारेल, आणि ताई, या खेपेला मी 'राहा' म्हणेन. तेवढं मी स्वतःला ओळखते. आणि एकदा म्हटल्यावर ते मला परत घेता येणार नाही, मी घेणारही नाही. म्हणून घाई करते आहे. रविवारी मी घरी भेटणार नाही, त्याचा गैरसमज करून घेऊ नका, मी दुकानात असेन. रविवारी दुकान बंद असतं, पण किल्ली माझ्याकडे असते.

तुमचीच, बहुतेक,
खारूची लोकरमावशी